लो बीपी म्हणजे सलाईन नव्हे

एप्रिल-मे महिन्यांत गुहागर तालुक्यातल्या बौद्धवाड्यांमधून फिरताना एक वाक्य हमखास कानी पडते, "ताई, बीपी लो झाला होता, सलाईन लावून आले." आम्ही विचारतो, मोजला किती होता? बऱ्याचदा मोजलेलाच नसतो.

वरचा आकडा 90 किंवा खालचा 60 च्या खाली गेला की रक्तदाब कमी म्हणतात. पण काहीच त्रास नसेल तर बहुधा औषध लागत नाही. काही बायांचा तो कायम तसाच असतो. भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम असेल, तर कारण शोधायचे.

आपल्याकडे पहिले कारण घाम. दमट हवेत आंबा-काजूच्या बागेत राबायचे, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत उन्हात चालायचे, आणि लघवीची सोय नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. (कमिटीच्या मंडळींनी हे जरूर वाचावे.) आता हिशेब करा. 500 मिलीच्या साध्या सलाईनच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, चमचाभरसुद्धा नाही. तोंडाने पिता येत असेल तर मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत घरीच आहे. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस. ते नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोटात काहीच राहत नसेल, तेव्हा मात्र दवाखाना गाठा.

पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईला चक्कर येते ती पुष्कळदा रक्त कमी असल्याने. बीपी लो आणि रक्त कमी या दोन वेगळ्या गोष्टी. सलाईनने हिमोग्लोबिन वाढत नाही, पैसे मात्र जातात. आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

म्हाताऱ्या माणसांना उठताना चक्कर येते ती कधी हाय बीपीच्या गोळ्यांमुळे. गोळी परस्पर बंद करू नका. आधी झोपवून, मग उभे करून 3 मिनिटांच्या आत बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने उतरला तर डॉक्टर डोस बदलतील. तोवर अंथरुणातून उठताना आधी थोडे बसावे, मग उभे राहावे.

कोणी कोसळले तर आडवे निजवा, पाय उंच करा. शुद्ध नसताना पाणी पाजू नका. छातीत दुखणे, काळी शी, गरोदरपणात रक्तस्राव, किंवा मिनिटभरात शुद्ध न येणे, यात 108 ला फोन. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर ती कुठे उभी राहील, हे आजच घरात ठरवून ठेवा.