₹ : एका विद्यार्थ्याच्या वहीतून देशाच्या नोटेवर

डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रवास समजून घ्यायलाच हवा!

2009 मध्ये केंद्र सरकारने रुपयाच्या चिन्हासाठी खुली स्पर्धा जाहीर केली. 3,000 हून जास्त प्रवेशिका आल्या. निवड झाली डी. उदय कुमार यांच्या चिन्हाची. तेव्हा ते पवईच्या आयआयटी मुंबईत, आयडीसी या डिझाइन विभागात पीएचडीचे विद्यार्थी होते. अभ्यासाचा विषय तमिळ मुद्राक्षरं, म्हणजे अक्षराच्या वळणांवर नजर आधीच बसलेली.

✏️ कल्पना: देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकतात. हे वैशिष्ट्य त्यांनी चिन्हाचा गाभा केलं.

✏️ आकार: देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा काढलेला रोमन ‘आर’ यांचा मेळ. त्यामुळे भारतीय वाचकाला ते आपलं वाटतं आणि परदेशी वाचकालाही ओळखता येतं.

✏️ अर्थ: वरच्या दोन आडव्या रेषा आणि मधली मोकळी जागा तिरंगा सुचवतात. त्याच रेषांत बरोबरचं चिन्हही दिसतं.

15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पण काम तिथे संपलं नाही. त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला, मग ते फॉन्टमध्ये आणि कीबोर्डवर आलं. 2011 पासून नाणी आणि नोटांवरही.

मला यातली काटकसर सर्वांत आवडते: मोजक्या रेषा, आणि एकही वाया गेलेली नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या स्केचमधली प्रत्येक रेष का आहे, हे स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर ती खोडा!