ऑइल ‘फाटत’ नाही

इंजिनात ५डब्ल्यू-३० असताना वरून १०डब्ल्यू-४० ओतलं, की दोन्ही ऑइलं दुधासारखी फाटतात, त्यांची जेली होते आणि इंजिन जाम होतं, ही दंतकथा गॅरेजच्या बाकड्यावरून हलायला तयार नाही. भीती एवढी, की ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तरी काही जण ‘आपल्या ग्रेडचं’ ऑइल मिळेपर्यंत गाडी रेटतात. अहो, इंजिन जाम होतं ते अशाने!

मिसळल्याने ऑइल फाटू नये, ही परवान्याचीच अट असते. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकांत त्यासाठी चाचणी आहे. नवं ऑइल ठरावीक संदर्भ-ऑइलांत मिसळून तापवतात, गार करतात; थर वेगळे झाले की नापास.

मग मिसळल्यावर होतं काय? एसएई जे३०० या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला ‘३०’ ग्रेडची विस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, तर ‘४०’ची १२.५ ते १६.३. समजा, इंजिनात १०.५ सेंटीस्टोकचं ३.२ लिटर ऑइल आहे आणि त्यात १४.५चं ३०० मिली घातलं. मिश्रण येतं साधारण १०.८वर. म्हणजे ‘३०’च! अर्धं-अर्धं केलं तरी आकडा १२.३च्या आसपास.

अर्थात, ही अडीअडचणीची सोय. मिश्रणाला थंडीतल्या सुरुवातीची हमी नसते, अ‍ॅडिटिव्हचा तोलही बदलतो; म्हणून सर्व्हिसिंगला उरलेसुरले डबे रिकामे करू नयेत.

बीएस-६ डिझेल गाड्यांत तर ग्रेडपेक्षा राखेकडे बघायला हवं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या इंजिनाला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी फिल्टरमध्ये जळून जाते, ऑइलची राख जळत नाही. ती साचत राहते. ऑइल कमी राखेचं आहे का, हे डब्यावरच्या एसीईए या युरोपीय मानकाच्या ‘सी’ वर्गावरून कळतं. गॅरेजच्या बाकड्यावर याची चर्चा मात्र क्वचितच.

बाकीचे समज किरकोळ. सिंथेटिक आणि मिनरल एकत्र चालत नाही? सेमी-सिंथेटिकच्या डब्यात दुसरं काय असतं! डिझेल गाडीत ऑइल लगेच काळं पडलं? काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. झाकणाखाली पांढरा फेस दिसला, तर तो ग्रेडच्या मिसळीचा नव्हे, पाण्याचा. छोट्या फेऱ्यांत ओल धरते. पण कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावं.