मुलांनाच मास्तर करणारे प्राध्यापक

लेखनासाठी एक, अध्यापनासाठी एक, संशोधनासाठी एक. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे हे तिन्ही मानाचे पुरस्कार मिळवणारा माणूस एकच आहे: सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन. वर्षं अनुक्रमे १९७३, १९८० आणि १९९९. माणसाला वेगळी भूमिका दिली की तो कसा बदलतो, हे त्यांनी वर्गात, प्रयोगशाळेत आणि चक्क न्हाणीघराबाहेरही तपासून पाहिलं.

भलत्याच तासाला बसले आणि...

तरुण एलियट ब्रँडाइस विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते. एका मैत्रिणीचा सहवास मिळावा म्हणून ते तिच्या तासाला जाऊन बसले. शिकवत होते मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो आणि विषय होता पूर्वग्रह. बोस्टनजवळच्या रिव्हिअर गावात एलियट यांचं बालपण गेलं होतं. तिथे हिब्रू शाळेतून परतताना या ज्यू मुलाला टारगट पोरं गाठून मारायची. ही पोरं मला ओळखतसुद्धा नाहीत, मग माझा एवढा द्वेष का करतात, हा प्रश्न त्याला नवव्या वर्षीच पडला होता. आता समोर एक प्राध्यापक त्याच प्रश्नावर तासभर बोलत होता! अर्थशास्त्र तिथेच सुटलं.

जेवढा त्रास, तेवढी गोडी

पुढे स्टॅनफर्डला ते लिऑन फेस्टिंगर या कडक गुरूंच्या हाताखाली घडले. १९५९ साली जडसन मिल्स यांच्यासोबत त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चागटात प्रवेश हवा असलेल्या काही विद्यार्थिनींना आधी अश्लील शब्द मोठ्याने वाचायला लावले. मग ऐकवलेली चर्चा मुद्दामच रटाळ होती. तरीही लाजिरवाणी परीक्षा देऊन आलेल्या मुलींनाच ती जास्त रंजक वाटली! कॉलेजातल्या रॅगिंगनंतर ‘आमचं हॉस्टेल म्हणजे हॉस्टेल’ म्हणणारे भेटतात, तेव्हा मला हटकून हा प्रयोग आठवतो.

हुशार माणसाने कॉफी सांडावी

१९६६ साली त्यांनी प्रश्नमंजूषेतल्या उमेदवारांच्या ध्वनिफिती लोकांना ऐकवल्या. ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्याच्या हातून कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना अधिकच आवडला. सामान्य कामगिरीच्या उमेदवाराने सांडली, तर होता तो भावही उतरला.

ऑस्टिनचा वर्ग

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हे. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका शाळेत आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्यात काम करणाऱ्या त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने अ‍ॅरन्सन यांना साकडं घातलं. ते आणि त्यांचे विद्यार्थी आधी नुसतेच वर्गात मागे बसून राहिले. बाईंनी प्रश्न विचारला की बरेच हात वर. एकाला संधी मिळाली की बाकीचे हिरमुसले. त्याचं उत्तर चुकलं की त्यांचे चेहरे पुन्हा फुलले. ज्यांना येत नव्हतं ते मान खाली घालून बसलेले. ही रचनाच मुलांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी बनवत होती, मग दोस्ती होणार कुठून?

उपाय सोपा होता. सहा मुलांचा गट करायचा, धड्याचे सहा तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकच द्यायचा. तोच तुकडा मिळालेल्या दुसऱ्या गटांतल्या मुलांसोबत आधी तयारी करायची, मग आपल्या गटात परत येऊन शिकवायचं. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. तुकडे जुळवून चित्र करायच्या कोड्यावरून याचं नाव पडलं ‘जिगसॉ’. आता गटातला प्रत्येक जण त्याच्या भागापुरता मास्तर.

कार्लोस (हे अ‍ॅरन्सन यांनी दिलेलं टोपणनाव) घरी स्पॅनिश बोलायचा. त्याच्या वाट्याला पत्रकार जोसेफ पुलित्झर यांच्या आयुष्याचा मधला काळ आला. तो अडखळला आणि गट त्याला हसायला लागला. देखरेख करणाऱ्या सहायकाने एवढंच सांगितलं: हसायचं तर हसा, पण त्याने पुलित्झर कळणार नाहीत आणि परीक्षा जवळ आली आहे. मुलांनी हळूहळू चिडवणं सोडलं आणि त्याला नेमके प्रश्न विचारायला शिकली. मग त्यांच्या लक्षात आलं, हा तर हुशार आहे! बऱ्याच वर्षांनी अ‍ॅरन्सन यांना एका तरुणाचं पत्र आलं. त्याचं म्हणणं होतं, तुमचा कार्लोस तो मीच, आणि मला हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. आकडेही याच दिशेने बोलत होते. अल्पसंख्याक मुलांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत.

पोस्टमनला काय ठाऊक?

अ‍ॅरन्सन यांच्या विद्यार्थिनी डायन ब्रिजमन यांनी दहा वर्षांच्या मुलांना एक चित्रकथा दाखवली. एक मुलगा विमानतळावर वडिलांना निरोप देतो. नंतर पोस्टमन पार्सल आणतो, त्यात खेळण्यातलं विमान निघतं आणि मुलगा रडू लागतो. पोस्टमनला यावर काय वाटलं असेल? नेहमीच्या वर्गातली मुलं म्हणाली, विमान पाहून त्याला बाबा आठवले हे पोस्टमनने ओळखलं असेल. जिगसॉ वर्गातल्या मुलांना मात्र जास्त चांगलं कळलं की पोस्टमन विमानतळावर नव्हताच, तो गोंधळला असेल. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं ही मुलं दोन महिन्यांत शिकली होती.

अंघोळीचा हिशेब

अ‍ॅरन्सन पुढे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात गेले. तिथे पाणीटंचाई होती. पोहून शॉवरकडे निघालेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना ‘पाणी वाचवा’ या फलकावर सही करायला सांगितलं आणि तुम्ही स्वतः किती पाणी वाया घालवता तेही विचारलं. त्या पावणेचार मिनिटांच्या आत बाहेर आल्या. ज्यांना काहीच विचारलं नव्हतं, त्यांना सरासरी पाच मिनिटं लागली. इतरांना उपदेश करायची भूमिका आणि स्वतःच्या वागण्याची आठवण, दोन्ही एकत्र आल्यावर नळ लवकर बंद झाला. अभ्यास १९९२चा आहे, पण आपल्या प्रत्येक उन्हाळ्यात लागू पडावा असा.

बापलेकांचं पुस्तक

१९७२ साली आलेलं त्यांचं ‘द सोशल अ‍ॅनिमल’ पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी वाचत आले आहेत. दृष्टिपटलाच्या विकाराने अ‍ॅरन्सन यांची नजर गेली, तरी २०१० साली त्यांचं आत्मचरित्र आलं. २०१८ साली ‘सोशल अ‍ॅनिमल’ची बारावी आवृत्ती निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांच्या नावासोबत सहलेखक म्हणून मुलाचं, जोशुआचं, नाव होतं. तोही सामाजिक मानसशास्त्रज्ञच. ‘तुमच्यासारख्यांना हे जमत नाही’ या समजाचं दडपण परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यावर काय करतं, हा त्याचा अभ्यासविषय.