हिशेबात न धरलेले पान

१९१२ च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकातील हिमप्रदेशात कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे दोन सहकारी तंबूत मृतावस्थेत आढळले, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे १६ किलो दगड होते. अन्न संपत आले, पाय निकामी झाले, तरी हे ओझे त्यांनी टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वृक्षाच्या पानांचे ठसे होते. तीच पाने स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांना नागपूर परिसरात सापडली होती, व १८६१ साली बनबरी यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. अंटार्क्टिका आणि विदर्भ एकेकाळी एकाच भूखंडात होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता? त्या भूखंडाचे गोंडवन हे नावही गोंडांच्या मुलखावरूनच पडले.

पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या या दलदली अरण्यांचाच वर्धा खोऱ्यात कोळसा झाला. मात्र कोळशात पान ओळखू येत नाही. ते टिकते लगतच्या शेल खडकात. सुटी पाने पुष्कळ मिळतात, फळधारी अवयवासह जोडलेले पान क्वचितच. पानाला ब्रॉन्यार यांनी नाव दिले १८२८ मध्ये. पानालाच जोडलेल्या फळधारी अवयवांचे नमुने एड्ना प्लमस्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतून वर्णिले ते १९५२ मध्ये!

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने यात का पडावे? कारण प्रश्न हिशेबाचा आहे. २०१२ पासून कोळशावर किमतीच्या १४ टक्के स्वामित्वशुल्क आहे. उघड्या खाणीतील शेलची नोंद मात्र ‘वरची माती’ म्हणून, म्हणजे निव्वळ खर्च म्हणून होते. एका टन कोळशाला दुसरा टन पर्याय असतो, सूर्यप्रकाशही असतो. त्या दुर्मिळ पानाला पर्याय नाही.

खाण नसती तर हा खडक उजेडातच आला नसता, हे मान्य केले पाहिजे. म्हणून खाणी बंद करा, असे कोणी म्हणत नाही. नवा थर उघडला की लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांना अथवा विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सुरक्षिततेचे नियम पाळून चार दिवस तेथे जाऊ द्यावे, आणि तो खर्च उत्पादनखर्चात धरावा. खाणबाधितांच्या निधीला मात्र त्यासाठी हात लावू नये. तो पैसा त्यांचा आहे. परवानगीचे कागद पावसाळ्यापूर्वी निघावेत, कारण ढिगाऱ्यावर टाकलेला शेल उन्हापावसात भुगा होऊन जातो.