सीताफळ वाकडे का होते?

दसऱ्याच्या सुमारास चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात सीताफळ निवडताना हात आपोआप गोल, टपोऱ्या डोळ्यांच्या फळाकडे जातो. एका अंगाने फुगलेले, दुसऱ्या अंगाने दबलेले फळ मागे राहते. खत-पाणी कमी पडले असेल, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण बऱ्याचदा ते फळ वाकडे होते ते फुलात असतानाच.

सीताफळ हे एक फळ दिसत असले तरी तो अनेक लहान फळांचा जुडगा आहे. फुलाच्या मध्यभागी दाटीने बसलेले कितीतरी स्त्रीकेसर असतात. त्यातल्या ज्याला पराग मिळाला त्यात बी धरते आणि बीभोवती गर भरतो. बाहेरून दिसणारा प्रत्येक डोळा म्हणजे असा एक स्त्रीकेसर. पराग न मिळालेल्या बाजूचे डोळे नीट फुगत नाहीत आणि फळ तिकडे दबते. बिया थुंकताना कंटाळा येतो खरा, पण बहुतेक वाणांत गर भरतो तो त्या बियांच्या जोरावरच.

आता खरी अडचण. सीताफळाच्या एकाच फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही भाग असतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. आधी स्त्रीकेसर तयार होतात. त्या वेळी तीन जाड, हिरवट पाकळ्या टोकाशी जेमतेम उकललेल्या असतात. पाकळ्या पूर्ण उघडून पराग सुटेपर्यंत त्याच फुलातले स्त्रीकेसर सुकून गेलेले असतात. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातूनच यायला हवा. फूल खाली तोंड करून लटकते, वाऱ्याचा फारसा उपयोग नाही, मधमाशीही फारशी फिरकत नाही. हे काम करतात निटिडुलिड कुळातले इवलेसे भुंगेरे. फुलाच्या वासाने ते अरुंद फटीतून आत शिरतात आणि पराग अंगावर घेऊन पुढच्या फुलात जातात. एवढ्या योगायोगावर सगळे अवलंबून असल्याने झाड फुलांनी लगडते, पण फळे धरतात थोडी. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हात स्त्रीकेसर आणखी लवकर वाळतात. पाऊस पडून हवेत ओलावा आला की फळधारणा सुधारते ती त्यामुळेच.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग पहाटे कागदावर झटकून घ्यायचे आणि मऊ कुंचल्याने अर्धवट उकललेल्या फुलांच्या आत हलकेच लावायचे. स्पेनमध्ये सीताफळाच्याच गोत्रातल्या चेरिमोयाच्या बागा अशाच पिकवतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का सहन’ या कमी बियांच्या संकरित वाणालाही हाताने परागीभवन केलेले मानवते.

बी नसलेल्या सीताफळाचे कोडेही उलगडले आहे. थायलंडमधल्या अशा एका वाणात बीजांडाचे बाहेरचे आवरण घडवणारे ‘आयएनओ’ हे जनुकच नाही, असे स्पेन आणि कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 2011 साली दाखवून दिले. हेच जनुक मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये आधीपासून माहीत होते. इतक्या दूरच्या दोन वनस्पतींत एकच यंत्रणा बी घडवते, हे मला फार विलक्षण वाटते. बिनबियांचे चांगले वाण तयार करण्याची वाट त्यातून दिसते.

पण ते वाण आपल्या बांधावर येईपर्यंत भुंगेऱ्यांनाच जपायला हवे. ते कुजक्या फळांवर वाढतात, म्हणून बहाराच्या काळात बागेत कुजलेल्या फळांचे छोटे ढीग ठेवून त्यांना बोलावता येते. आणि फुले उमलत असताना कीटकनाशकाची फवारणी टाळायला हवी. यंदा पूर्ण बागेवर नको, दोन-चार झाडांवर कुंचला फिरवून बघा. त्या फुलांना दोरा बांधा आणि फळे उतरवताना ती वेगळी तोलून पाहा.