घड्याळाच्या काचेवरील चकाकी

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या बाजारात २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंश उंचीवर असतो. अशा वेळी मनगटी घड्याळाचे छायाचित्र वरून घेतल्यास आकड्यांऐवजी पुष्कळदा पांढरा डागच उमटतो. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. हा अंश अल्प खरा. परंतु सूर्याचे तेज इतके प्रखर असते की, त्याचे प्रतिबिंब तबकडी झाकून टाकते. आपातकोन व परावर्तनकोन नेहमी समान असतात. म्हणून घड्याळ सावलीत न्यावे आणि कॅमेऱ्याच्या बाजूने पाहता काचेत आकाशाऐवजी काळे कापड दिसेल, असे ते धरावे. मग बाजूचा सौम्य उजेड तबकडी उजळतो आणि आकडे स्पष्ट उमटतात.