रोजच्या वाटेवरची जुनी गाडी

राहण्याचे गाव आणि नोकरीचे गाव एकच असण्याचे भाग्य आता थोड्यांनाच लाभते. आमच्या उत्तर रत्नागिरीत खेडला राहून दापोलीला किंवा चिपळूणला राहून गुहागरच्या बाजूला शिकवायला जाणारे शिक्षक जागोजाग भेटतात. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. जून ते सप्टेंबर रेनकोट चढवून मोटारसायकलवर रोज घाटरस्ता कापणे चाळिशीनंतर अंगाला सोसत नाही. शिक्षिका भगिनींची अडचण तर याहून मोठी. संध्याकाळची गाडी चुकली, की घरी पोहोचेपर्यंत मगरीब होऊन जाते आणि घरचे सगळे दाराशी उभे.

मग घरात मोटारीचा विषय निघतो. आठ लाखांचे कर्ज दरसाल ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे १६,६०० रुपये बसतो आणि पाच वर्षांत जवळपास दोन लाख रुपये नुसते व्याज जाते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांत इथेच गाडी अडते. काही जण नाइलाजाने सही करतात, काही जण आणखी दहा पावसाळे भिजत काढतात. या दोन्हींच्या मधली वाट आम्हाला जुन्या गाडीत दिसते. रोख घेता येईल अशी, रोज सकाळी एका चावीत सुरू होणारी आणि चालवताना कंटाळा येऊ न देणारी.

गेल्या काही वर्षांत आम्ही सहकारी एकमेकांसाठी गाड्या पाहायला जातो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी रस्ता, मग गाडी

गाडी पाहायला निघण्याआधी कागदावर आपला रस्ता मांडावा. जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि शाळेचे २२० दिवस धरले, तर वर्षाला १३,२०० किलोमीटर होतात. लिटरला १६ किलोमीटरचा हिशेब धरला तर ८२५ लिटर पेट्रोल, म्हणजे लिटर शंभर रुपये धरून वर्षाला ८२,५०० रुपये. एवढ्या वापरासाठी जुन्या डिझेल गाडीच्या मागे लागण्याची गरज नाही. तिचा टर्बो किंवा इंजेक्टर बिघडला, की डिझेलवर वाचवलेले पैसे एका फटक्यात गॅरेजमध्ये जातात.

त्याच वाटेने जाणारे तीन सहकारी सोबत आले आणि पेट्रोल चौघांत वाटले, तर प्रत्येकाचा वाटा वर्षाला साडेवीस हजारांच्या आसपास येतो. मात्र खर्च वाटून घेणे वेगळे आणि भाडे घेणे वेगळे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे कायद्यात बसत नाही.

भरवसा आणि मजा एकाच गाडीत

मजा म्हटले की घरातली मोठी माणसे वेगाच्या भीतीने भुवया उंचावतात. आमच्या लेखी मजा म्हणजे हलकी गाडी, तत्पर इंजिन, खटकन पडणारा गिअर आणि वळणावर हाताला रस्ता कळू देणारे स्टेअरिंग. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चाळीसच्या वेगानेही ती मिळते. शिवाय आवडीची गाडी माणूस जपून वापरतो आणि चालवताना जागा राहतो. रोजच्या रस्त्यावर हे लहान काम नाही.

या मापात आम्हाला तीन गाड्या विशेष बसतात. पहिली, २०१० मध्ये आलेली अल्टो के१०. वजन साडेसातशे किलोच्या आसपास आणि एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, त्यामुळे चढावर ती आपल्या आकाराहून मोठी वाटते. दुसरी, मारुती रिट्झ. २००९ ते २०१७ या काळात ती विकली गेली. पेट्रोल रिट्झमध्ये स्विफ्टचेच १.२ लिटरचे इंजिन आहे. दिसायला अनेकांना आवडली नाही म्हणून जुन्या बाजारात ती स्विफ्टपेक्षा स्वस्त पडते. बैठक उंच, समोरचे स्वच्छ दिसते आणि गिअरचा दांडा डॅशबोर्डपाशी हाताजवळ. डिकी मात्र लहान. तिसरी, २०११ मध्ये आलेली होंडा ब्रिओ. तिचे ८८ अश्वशक्तीचे इंजिन मोठ्या खुशीने पळते. तिचा मागचा दरवाजा पूर्ण काचेचा आहे, तो तडकलेला नाही ना हे पाहावे.

बजेट थोडे अधिक असेल तर २०१६ नंतरची टाटा टियागोही पाहावी. फोर्ड फिगो चालवायला गोड गाडी आहे, पण २०२१ मध्ये कंपनीने भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा सुटे भाग आणून देणारा मेकॅनिक ओळखीचा असेल तरच तिच्याकडे वळावे.

वरील तिन्ही पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन आहे. ज्या गाड्यांत चेनऐवजी बेल्ट असतो, उदाहरणार्थ जुनी १.१ लिटरची आय१०, तिथे बेल्ट कधी बदलला हे विचारावे. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते.

सुरक्षेचा प्रश्न टाळू नये. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि एबीएस ब्रेक त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नव्या मोटारींत सक्तीचे झाले. त्याआधीच्या बऱ्याच लहान गाड्यांत या सोयी वरच्या मॉडेलमध्येच मिळत. पावसाळी घाटाचा रस्ता असेल तर अलॉय व्हील आणि टचस्क्रीन सोडून द्यावे, पण एबीएस आणि एअरबॅग असलेले मॉडेल शोधावे. त्यासाठी महिनाभर जास्त थांबावे लागले तरी चालेल.

अंगणात उभी असलेली गाडी

आपल्या कोकणात एक खास प्रकारची जुनी गाडी मिळते. घरचा मुलगा दुबईला किंवा कुवेतला. सुट्टीत फिरायला म्हणून घेतलेली मोटार वर्षातले दहा-अकरा महिने ताडपत्रीखाली. मीटरवर अवघे १८-२० हजार किलोमीटर. विकणारा म्हणतो, “गाडी चाललीच कुठे? नवीच समजा.”

पण उभ्या गाडीचेही वय वाढते. टायर न झिजता कडक होतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी असा टायर ओल्या रस्त्यावर धोक्याचा. बॅटरी मेलेली असते, टाकीतले पेट्रोल शिळे झालेले असते, ब्रेक गंजून धरतात आणि बोनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. खाऱ्या हवेत पत्रा खालून सडतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. त्यापेक्षा रोज चाललेली, ६०-७० हजार किलोमीटर झालेली आणि सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेली गाडी आम्हाला अधिक भरवशाची वाटते.

पुराची खूण

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळूण शहरात शिरला, तेव्हा दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून, नवे सीट कव्हर घालून बाजारात येऊ शकते. ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहावा. सीटच्या रुळांवरचा गंज, फ्यूज बॉक्समधली माती, हेडलाइटच्या आतला ओलावा, काचा बंद करून येणारा कुबट वास, हे सगळे साक्षीदार आहेत. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. तिची वायरिंग कधी दगा देईल याचा नेम नसतो.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन स्टार्टिंगचा ऐब झाकते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच संपला. सोबत आपला मेकॅनिक न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी, म्हणजे तो मोकळेपणाने बोलतो.

कागद आणि नाते

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या हव्यात. पैसे दिल्यावर “नाव नंतर चढवू” असे म्हणून वर्ष घालवणारे लोक आहेत. उद्या अपघात झाला तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नसतो. ई-चलनाची थकबाकी ऑनलाइन तपासावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा पासिंगला न्यावी लागेल आणि पर्यावरण करही भरावा लागेल. तो खर्च आजच्या किमतीत धरूनच बोलावे.

पुष्कळदा गाडी नात्यातलीच असते. मामूंची, नाहीतर मोठ्या भाईजानच्या मेहुण्याची. संकोचापोटी कोणी काही विचारत नाही, कोणी काही सांगत नाही. पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स गेला, की ईदचे जाणे-येणे थांबते. कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा रक्कम दोन-तीन टप्प्यांत द्यायची ठरली, तर किती, कधी आणि गाडीत कोणते ऐब सांगितले होते, हे साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. यात अविश्वास नाही. नाते जपण्याची ही रीत आहे. आणि आपली गाडी विकताना समोरच्याने न विचारताही तिचा ऐब आपणच सांगावा.

शेवटी एक सूचना. हाती अडीच लाख असतील तर गाडी सव्वादोन लाखांच्या आतलीच घ्यावी. उरलेल्या पंचवीस हजारांत ऑइल, कूलंट, ब्रेक, वायपर, बॅटरी आणि जमल्यास टायर पहिल्याच आठवड्यात बदलून घ्यावेत. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी घरातल्या बाईलाही स्टेअरिंगवर बसवावे. तिचा पाय क्लचपर्यंत नीट पोहोचतो का, मागचे दिसते का, हे तिनेच सांगावे. गाडी दोघांना चालवता आली, तरच संध्याकाळच्या एसटीची चिंता घरातून खऱ्या अर्थाने जाईल.